नाकापेक्षा मोती जड नको!
(मध्यम बजेटमध्ये गेमिंग पीसी कसा निवडावा)

मित्रांनो, ॲडमिशनची धावपळ संपली आणि पहिली सबमिशन्स अंगावर आली की कॉलेजात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "पीसी घ्यायचाय गं, काय घेऊ?" विचारणाऱ्याच्या मनात गेम असतो आणि तोंडी ऑटोकॅड! घरी सांगायचं 'अभ्यासासाठी', मित्रांना सांगायचं 'गेमिंगसाठी'. खरं तर दोन्हीसाठी एकच पीसी चालतो. फक्त तो नीट निवडायला हवा.

खिशात पंचवीस हजार असतील तर निवडायला फारसं काही नसतं. तीन लाख असतील तर निवडायची गरजच नसते, सगळंच उत्तम घ्यायचं. खरी परीक्षा सत्तर ते नव्वद हजारवाल्यांची. इथे एका पार्टवर टाकलेला प्रत्येक हजार दुसऱ्या पार्टमधून निघतो. मॅथ्समध्ये आपण कन्स्ट्रेंटवाली मॅक्सिमा-मिनिमाची गणितं सोडवतो ना (लॅग्रांजसाहेबांना नमस्कार!), हे तसलंच गणित आहे. 'सगळ्यात भारी प्रोसेसर कोणता?' हा प्रश्नच त्यात चुकीचा ठरतो. 'माझ्या पैशात एकमेकांना शोभतील असे पार्ट कोणते?' असं विचारायला हवं. आपल्या आजीने हे कधीच सांगून ठेवलंय: नाकापेक्षा मोती जड नको.

एक फ्रेम तयार कशी होते?

गेम म्हणजे भराभर बदलणारी चित्रं. एका चित्राला फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमसाठी आधी प्रोसेसर हिशेब करतो: शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, कोणत्या वस्तू दिसणार. मग तो ग्राफिक्स कार्डाला 'हे काढ, ते काढ' अशी यादी देतो आणि कार्ड ते चित्र रंगवतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमची यादी करत असतो. म्हणजे दोघांचं काम एकाच वेळी चालू असतं. म्हणून फ्रेमचा वेग ठरतो तो दोघांपैकी जो हळू आहे त्याच्यावर.

वसई रोड स्टेशन आठवा. संध्याकाळी विरार लोकल अर्ध्या मिनिटात निम्मी रिकामी होते, पण बाहेर पडायला किती वेळ लागणार हे जिना ठरवतो. गाडीचे दरवाजे दुप्पट रुंद केले तरी जिन्यावरची रांग तेवढीच!

आता आकडे घालू. समजा एका फ्रेमला प्रोसेसर ५ मिलिसेकंद घेतो आणि ग्राफिक्स कार्ड १२ मिलिसेकंद. तर दर १२ मिलिसेकंदांनी एक फ्रेम मिळणार, म्हणजे सेकंदाला साधारण ८३. प्रोसेसर दुप्पट वेगवान आणला, त्याचा वेळ अडीच मिलिसेकंद झाला, तरी फ्रेम ८३च. तेच पैसे कार्डात घालून १२ चे ६ मिलिसेकंद केले, तर फ्रेम थेट १६६ होतात. यापुढे मात्र सहा विरुद्ध पाच असल्यामुळे कार्ड अजून वाढवून फारसा फायदा नाही. याला म्हणतात तोल.

कोणत्याही चालू पीसीवर हे तपासता येतं. गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम वाढल्या तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा होता. तेवढ्याच राहिल्या तर तो प्रोसेसरचा. मित्राच्या पीसीवर पाच मिनिटांत होणारा हा प्रयोग आहे. पार्ट घ्यायच्या आधी एकदा जरूर करा.

सुरुवात पडद्यापासून

बहुतेक जण प्रोसेसरपासून यादी सुरू करतात. मी म्हणते, मॉनिटरपासून करा. कारण कार्डाने किती पिक्सेल रंगवायचे हे मॉनिटर ठरवतो.

१९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. २५६० × १४४० म्हणजे ३६,८६,४००, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. आणि फोर-के म्हणजे ८२,९४,४००, थेट चौपट! ६० हर्ट्झच्या पडद्यासाठी प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झला फक्त ६.९. मध्यम बजेटला १०८० रिझोल्यूशनचा, २४ इंची, आयपीएस पॅनेलचा आणि १४४ हर्ट्झच्या आसपासचा मॉनिटर शोभतो. साठ हर्ट्झच्या जुन्या मॉनिटरला महागडं कार्ड जोडलं तर साठच्या वरच्या फ्रेम तयार होऊनही पडद्यावर उमटणार नाहीत.

दुसरा प्रश्न: खेळणार काय? व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे स्पर्धेचे गेम कार्डाला सोपे जातात, पण त्यात फ्रेम खूप लागतात. त्यामुळे तिथे प्रोसेसर महत्त्वाचा. सायबरपंक २०७७ सारखे भव्य कथेचे गेम कार्डाचा घाम काढतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) देखणा असूनही मध्यम पीसीवर मजेत चालतो. तुमचे आवडते तीन गेम आणि अभ्यासाची दोन सॉफ्टवेअर्स कागदावर लिहा. पीसी त्या पाचांसाठी घ्यायचाय, जगातल्या सगळ्या गेम्ससाठी नाही.

एकही शब्द खोटा नसलेलं कोटेशन

२०२५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझा मावसभाऊ वसई गावात, पारनाक्याजवळ राहतो. बारावी झाली, इंजिनिअरिंगला जायचं नक्की झालं. मावशीची भिशी लागली, त्यात काकांनी भर घातली आणि ऐंशी हजार रुपये पीसीसाठी बाजूला निघाले. मावशीने स्पष्ट सांगितलं, "हे एकदाच. चार वर्षं दुसरं काही मागायचं नाही."

ओळखीतल्या एका दुकानदाराने कोटेशन दिलं: आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, २५६ जीबी एसएसडी आणि १ टीबी हार्ड डिस्क, ५०० वॉट एसएमपीएस, सहा रंगीत पंख्यांचं काचेचं कॅबिनेट आणि २४ इंची मॉनिटर. सगळं मिळून अठ्ठेचाळीस हजार! बत्तीस हजार वाचत होते. मावशी खूश, भाऊ तर हवेत.

मी फक्त मॉडेल नंबर मागवले. ते आल्यावर चित्र पालटलं.

आय-७ होता आय७-२६००. हा इंटेलने जानेवारी २०११ मध्ये आणला. तेव्हा भाऊ बालवाडीतही गेला नव्हता. चार कोअर, आठ थ्रेड, ९५ वॉट. २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१००एफमध्येही चार कोअर आणि आठच थ्रेड आहेत, पण प्रत्येक कोअर खूपच वेगवान आणि बेस पॉवर फक्त ५८ वॉट. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हा जाहीर झालेलं होतं. तो तसा संपलाही. म्हणजे पहिलं सेमिस्टर संपायच्या आत पीसी म्हातारा!

ग्राफिक्स कार्ड होतं जीटी ७३०, मूळ २०१४ चं. चार जीबी मेमरी खरी, पण ती ६४ बिटच्या अरुंद रस्त्यावर आणि जुन्या डीडीआर३ प्रकारची. एनव्हिडियाने या केप्लर पिढीसाठी नवे गेम ड्रायव्हर काढणं २०२१ मध्येच थांबवलं. टाकी मोठी आणि नळ बारीक, असा प्रकार.

एसएमपीएसचा फोटो मागवला. डब्यावर ठळक '५०० वॉट'. बाजूच्या लेबलवर बारीक अक्षरांत: १२ व्होल्ट, १६ अँपिअर. गुणाकार करा, १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः या १२ व्होल्टच्या लाइनवरच जगतात, म्हणून हाच आकडा खरा.

"पण आय-सेव्हन आहे ना?" मावशी म्हणाली. "आय-थ्री कशाला घ्यायचा? तो खालचा ना?"

"मावशी," मी म्हटलं, "ती सातवी इयत्ता नाही गं. मॉडेलचा पुढचा नंबर बघ. त्यावरून पिढी कळते."

कोटेशनमध्ये एकही शब्द खोटा नव्हता, हे लक्षात घ्या. आय-७ होता, चार जीबी होते, डब्यावर पाचशेही होते. जे लिहिलं नव्हतं तेच महत्त्वाचं होतं. म्हणून कोणतंही कोटेशन हातात आलं की पाच गोष्टी लेखी मागा: प्रोसेसरचा पूर्ण नंबर, ग्राफिक्स कार्डाचं नाव आणि मेमरीचा प्रकार, मदरबोर्डचं मॉडेल, रॅमच्या पट्ट्या किती आणि कोणत्या वेगाच्या, आणि एसएमपीएसचं कंपनीसकट मॉडेल. 'सर, सगळं ब्रँडेड आहे' हे उत्तर नाही!

शंभर वाट्यांची वाटणी

मग आम्ही कागद घेऊन बसलो. बजेटचे शंभर वाटे केले. माझा हिशेब असा:

ग्राफिक्स कार्ड – ३३
प्रोसेसर – १५
मॉनिटर – ११
मदरबोर्ड – १०
रॅम – १०
एसएसडी – ६
एसएमपीएस – ६
यूपीएस – ५
कॅबिनेट – ४

ऐंशी हजारांत कार्डाला २६,४००, प्रोसेसरला १२,०००, एसएमपीएसला ४,८०० वगैरे. कीबोर्ड-माउस घरात होते. हे प्रमाण म्हणजे दगडावरची रेघ नाही, दोन-चार वाटे इकडचे तिकडे होणारच. पण एखादा पार्ट आपल्या वाट्याच्या दीडपट झाला, तर थांबून विचारायचं, 'हे कोणाच्या ताटातून काढलं?' बहुतेक वेळा ते एसएमपीएसच्या ताटातून काढलेलं असतं.

मी इथे नेमके भाव देत नाही, कारण मासिक छापून येईपर्यंत ते शिळे होतात. उदाहरण रॅमचंच घ्या. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरकडून मेमरीची मागणी इतकी वाढली की साध्या रॅमचे भावही भराभर चढले. ग्राफिक्स कार्डांचंही २०२१ च्या सुमारास क्रिप्टोच्या मायनिंगमुळे असंच झालं होतं. भाव पडेपर्यंत थांबणं नेहमीच जमत नाही. पण वाटे ठाऊक असले तर कुठे कात्री लावायची ते कळतं. रॅम महाग असेल तर ३२ चा हट्ट सोडून १६ घ्या आणि कॅबिनेटमधले रंगीत दिवे विसरा.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम

मध्यम बजेटला सहा कोअर, बारा थ्रेड पुरतात. इंटेलचा आय५-१२४००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ५६०० ही या वर्गातली परिचित नावं. नंबरापुढे 'एफ' असेल तर त्या इंटेल प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतं. म्हणजे कार्ड बिघडलं तर पडदा काळा. 'आज प्रोसेसर घेतो, कार्ड सहा महिन्यांनी' असा बेत असेल, तर एफवाला चालणार नाही. त्यापेक्षा रायझन ५ ५६००जी सारखा ग्राफिक्ससकट प्रोसेसर बघा.

मदरबोर्ड घेताना सॉकेटचं आयुष्य विचारा. एएमडीचं एएम४ सॉकेट जुनं, डीडीआर४ रॅमचं आणि स्वस्त. एएम५ हे २०२२ मध्ये आलं, त्याला डीडीआर५ लागते आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही साथ देऊ असं एएमडीने सांगितलं आहे. इंटेलचं एलजीए १७०० हे बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीला चाललं, पुढच्या पिढीला नवं सॉकेट आलं. तुम्ही दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलणारच असाल तर एएम५साठी थोडं जास्त देणं पटतं. चार वर्षं हातच लावायचा नसेल (मावशीची अट!), तर तोच पैसा कार्डात घाला.

रॅमबद्दल एकच गोष्ट पाठ करा: १६ ची एक पट्टी नको, ८ च्या दोन घ्या. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा नेते. दोन पट्ट्या ड्युअल चॅनेलमध्ये लावल्या की ५१.२. रॅम तेवढीच, रस्ता दुपदरी. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळत असाल तर हा फरक ढळढळीत दिसतो. चार स्लॉटच्या बोर्डात कोणत्या दोन स्लॉटमध्ये पट्ट्या लावायच्या हे मॅन्युअलमध्ये असतं (बहुधा दुसरा आणि चौथा). आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करायला विसरू नका, नाहीतर घेतलेल्या वेगाची रॅम कमी वेगाने चालते.

विंडोज आणि गेम एसएसडीवरच ठेवा. साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास अडकते. साधी तिसऱ्या पिढीची एनव्हीएमईसुद्धा साडेतीन हजारांपर्यंत जाते. एसएसडीने फ्रेम फारशा वाढत नाहीत, पण गेम आणि सॉलिडवर्क्स दोन्ही लवकर उघडतात.

ग्राफिक्स कार्ड: गेम की प्रोजेक्ट?

१०८० रिझोल्यूशनसाठी ८ जीबी मेमरी ही आता किमान पातळी समजा. आरटीएक्स ४०६० (२०२३, ११५ वॉट), आरएक्स ७६०० (२०२३, १६५ वॉट), आरटीएक्स ५०६० (२०२५, १४५ वॉट) ही ८ जीबीची कार्डं. इंटेलचं आर्क बी५८० (२०२४ अखेर) १२ जीबीचं, तर आरएक्स ९०६० एक्सटी (२०२५) ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत आलं. खरेदीच्या दिवशी जे मिळेल त्याची तुमच्या तीन गेम्समधली कामगिरी बघा, किंमत भागिले मिळणाऱ्या फ्रेम करा. एका फ्रेमला किती रुपये पडतात ते कळेल.

पण इथे आपला अभ्यास मध्ये येतो. मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करायचा असेल तर बरीच सॉफ्टवेअर्स एनव्हिडियाच्या कुडावर सगळ्यात बिनबोभाट चालतात. कॉम्प्युटर किंवा आयटीवाल्यांनी त्यासाठी दोन फ्रेम कमी स्वीकारायला हरकत नाही. मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांना ऑटोकॅडसाठी महागड्या कार्डापेक्षा एका कोअरचा वेग आणि पुरेशी रॅम जास्त उपयोगी. भावाला आम्ही आरटीएक्स ४०६० घेतलं, कारण तो कॉम्प्युटरला जाणार होता.

सेकंडहँड कार्डांबद्दल: सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली, त्यानंतर दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. सगळीच वाईट असतात असं नाही. पण समोर लावून, अर्धा तास लोड देऊन, तापमान आणि पंख्याचा आवाज बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्क्रू आणि ब्रॅकेटवर गंज दिसला तर कार्ड कुठे राहिलंय ते कळतं.

एसएमपीएस: कोणाच्या डोळ्यांत न भरणारा पार्ट

मी इलेक्ट्रॉनिक्सची असल्यामुळे इथे जरा जास्त बोलते. एसएमपीएसने एकही फ्रेम वाढत नाही, म्हणून सगळी काटकसर त्याच्यावर होते. पण बाकीचे सगळे पार्ट त्याच्या ताटात जेवतात. वीज अचानक जाते-येते, व्होल्टेज उडी मारतं, तेव्हा चांगला एसएमपीएस आधी स्वतः बंद होतो. संरक्षण नसलेला स्वस्त एसएमपीएस जाताना मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो.

भावाच्या पीसीचा हिशेब असा होता. कार्ड ११५ वॉट. प्रोसेसर कागदावर ६५, पण पूर्ण लोडवर वाढतो म्हणून ८० धरले. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०. बेरीज २४५ वॉट. मग ३०० चा का नको? कारण कार्ड काही मिलिसेकंदांसाठी ठरलेल्यापेक्षा जास्त करंट ओढतं, आणि एसएमपीएस निम्म्या लोडच्या आसपास सगळ्यात सुखात असतो. म्हणून ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझचा. ब्राँझ म्हणजे निम्म्या लोडवर निदान ८५ टक्के कार्यक्षमता. आणि १२ व्होल्टची लाइन ४५ अँपिअरची, म्हणजे ५४० वॉट. पहिल्या कोटेशनमधल्या १९२ शी तुलना करा!

२४५ ला ०.८५ ने भागा: भिंतीतून २८८ वॉट. मॉनिटरचे २५ धरून ३१३. रोज चार तास पूर्ण लोडवर खेळलात तर महिन्याला साडेसदतीस युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटनंतर वरचा दर लागतो. ज्यांचं घर आज नव्वदवर आहे, त्यांच्या साडेसदतीसपैकी साडेसत्तावीस युनिट वरच्या दरात जातील. घरी पीसी मागताना हा आकडाही सांगा. इंजिनिअर आहात, विश्वास वाढेल!

आता यूपीएस. दुकानात '६०० व्हीए' असं सांगतात. व्हीए म्हणजे वॉट नव्हे. अशा यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॉट असते, आणि आपल्याला लागतात ३१३. म्हणजे चढावर भरलेली रिक्षा. ऐन गेममध्ये वीज गेली की यूपीएसच दम टाकतो. १००० व्हीए, ६०० वॉटचा घेतला तर निवांत. गेम चालू ठेवायला यूपीएस घ्यायचा नसतो. सेव्ह करून नीट शटडाउन करण्याइतकी पाच-दहा मिनिटं पुरेत.

अजून एक. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असं बऱ्याच घरांत ऐकते. बहुधा पीसी बिघडलेला नसतो, अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर पत्रा मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्या ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. करंट अगदी थोडा असतो, पण तो इशारा आहे. टू-पिनचा जुगाड काढा, इलेक्ट्रिशियनला बोलावून थ्री-पिनचा अर्थ तपासून घ्या. आम्ही भावाच्या घरी पीसी येण्याआधी हेच केलं. प्लगला तिसरं भोक होतं, पण मागे वायरच नव्हती!

आपली हवा, आपला पाऊस

बाहेरच्या पीसी मार्गदर्शनात वसई नसते. भुईगाव-कळंबच्या बाजूला किनाऱ्याजवळ घर असेल तर हवेत मीठ असतं, पावसाळ्यात दमटपणा असतो. मीठ आणि ओल एकत्र आले की कॉन्टॅक्टवर गंज चढतो. उपाय साधे आहेत. पीसी समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नका. समोर जाळी आणि निघणारा धूळ-फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्या. काचेने पूर्ण बंद केलेलं, सहा दिव्यांचं कॅबिनेट दिसतं छान, पण आत हवा कोंडते. पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, एवढं पुरतं. पावसाळ्यात गावाला गेलात तरी आल्यावर पीसी बंद पडू देऊ नका, दर दोन-तीन दिवसांनी तासभर चालवा. आतल्या उबेने ओल सुकते.

आणि तळमजल्यावर राहत असाल तर पीसी जमिनीवर ठेवू नका. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरलं, रूळ पाण्याखाली गेले, ते आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलंय. टेबलावरची एक फूट जागा फुकट मिळणारा विमा आहे.

लॅमिंग्टन रोडला जाताना

नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सगळे अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतात. जवळचं स्टेशन ग्रँट रोड. विरार फास्ट तिथे थांबत नाही, म्हणून मुंबई सेंट्रलला उतरून स्लो पकडा किंवा सरळ चालत जा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा मधल्या वाराला लेक्चरचा हिशेब करून जा (हे सरांना सांगू नका).

एकाच यादीची तीन दुकानांत कोटेशन घ्या, आणि एक वसई स्टेशनजवळच्या दुकानातही घ्या. फरक हजार-पाचशेचाच असेल तर वसईतच घेणं शहाणपणाचं. उद्या काही बिघडलं तर बोर्ड पिशवीत घालून रोज ग्रँट रोडला कोण जाणार? भाव विचारताना '१८ टक्के जीएसटी धरून' असं स्पष्ट विचारा. बिलाशिवाय स्वस्त मिळत असेल तर ते स्वस्त नाही, कारण वॉरंटी मागताना बिल लागतं. पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या, तो बॉक्सवरच्या नंबराशी ताडून बघा आणि वॉरंटी भारतातली आहे ना ते कंपनीच्या साइटवर तिथेच उभं राहून तपासा. सील आपल्यासमोर फोडायला सांगा.

आणि परतीची वेळ! मॉनिटरचा खोका घेऊन संध्याकाळी सहाच्या विरार लोकलमध्ये चढायचं धाडस करू नका. दुपारी तीनच्या आत गाडी पकडा. आम्ही लगेजच्या डब्यातून आलो, भाऊ वसईपर्यंत कार्ड मांडीवर घेऊन बसला होता, जणू बारशाचं बाळ!

ऐंशी हजारांतले साडेअठ्ठ्याहत्तर लागले. उरलेल्या पैशात काकांनी थ्री-पिनची वायर नव्याने ओढून घेतली. तो पीसी व्हॅलोरंटही चालवतो आणि पहिल्या वर्षाची सी प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकल्सही. मावशी मात्र अजून विचारते, "आय-सेव्हन का नाही घेतला रे?"

तर मित्रांनो, आधी पडदा, मग कार्ड, मग त्याला शोभेल तो प्रोसेसर, आणि एसएमपीएसचा वाटा कोणालाही द्यायचा नाही. कोटेशन हातात असेल तर कँटीनमध्ये घेऊन या, पार्टचे नंबर मिळून वाचू. चहा मात्र तुमचा!